कवाडावरची लढाई

टिकारामनं डोंगराला गूळ लावला, तिथंच सगळं बिनसलं.

डोंगराला कुणी गूळ लावतं का, असं परगावचा माणूस विचारील. बिरसीत कुणी विचारलं नसतं. टिकाराम टेंभरेला प्रश्न विचारून विचारून गाव केव्हाच थकलं होतं, आणि टिकाराम तर गावाच्याही आधीपासून थकलेला होता. त्याचा डोंगर वीतभर उंचीचा होता. घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, गोठ्याचं एक जुनं कवाड दोन खोक्यांवर आडवं टाकलेलं होतं आणि त्या कवाडावर अख्खा मुलूख नांदत होता. डोंगर, नदी, नदीवर पूल, पुलापलीकडं चार घरांचं गाव, धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं आणि एक तलाव. तलावाला त्यानं चोरखमारा म्हणायचं ठरवलं होतं आणि डोंगराला कचारगड, कारण याहून मोठा तलाव आणि याहून मोठा डोंगर त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

हा मुलूख एरवी बाभळीच्या डिंकानं चिकटायचा. डिंक नसला की भाताच्या पेजेची खळ. त्या आठवड्यात डिंक संपला आणि खळ आंबली, कारण गोंदियाच्या राइस मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाची घाई होती आणि भट्टीत तूस लोटता लोटता टिकाराम घरदार विसरला होता. सायकलवरून उतरला तेव्हा त्याला धड उभं राहवत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मिलची सुट्टी, म्हणजे हवालदार लढायला येणार, आणि डोंगराचा पूर्वेकडचा उतार पावसाळी ओलीनं सुटून लोंबत होता. दमलेला माणूस हाताला येईल ते घेतो. हाताला बायकोचा, रुख्माचा, गूळ आला. त्यानं तो पाण्यात विरघळवला, उतारावर फासला, वर लाल मुरमाची पूड चाळली आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन आडवा झाला.

हवालदार म्हणजे केशोराव. पांढऱ्या मिशा, एक पाय अधू. मोठ्या लढाईत आफ्रिकेत गोळी खाऊन आलेला. सकाळी तो काठी टेकत आला, आपल्या बाजूच्या पोत्यावर बसला आणि कवाडावर वाकला.

"का गा टिका," मग तो म्हणाला, "हे नवी पलटन कवा उतरवली तुनं?"

"कोनती पलटन?"

"मले खुळा समजतं का? डोंगरावून उतरून राहिली ते. काळ्या वर्दीची."

टिकारामनं पाहिलं. कचारगडाच्या पूर्वेकडच्या उतारावरून मुंग्यांची रांग शिस्तीत खाली येत होती आणि पुलाकडं निघाली होती.

हवालदार मस्करी करतोय असंच टिकारामला वाटलं. पण हवालदारानं तोवर तोफा वळवल्या होत्या. सुताच्या रिळावर सायकलच्या चाकाची तुटकी आरी बसवली की ती तोफ. त्यानं कामटीनं अंतर मोजलं, ओंजळीत कवड्या खुळखुळवल्या आणि फेकल्या. पुष्कळ कवड्या उताण्या पडल्या.

"गारद!" हवालदार गरजला. "अर्धी पलटन गारद. उचल!"

पलटन काही उचलली जाईना. ती आणखी वाढत होती.

इतक्यात रुख्मा चहा घेऊन बाहेर आली. केशोराव टिकारामला थोरल्या भावासारखा, म्हणजे नात्यानं रुख्माचा भासरा. भासऱ्याशी बाईमाणूस तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. म्हणून रुख्मा सपरीच्या खांबाशी बोलायची. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती खांबाला सांगायची आणि खांबाच्या पलीकडं बसलेला हवालदार ऐकायचा. इतक्या वर्षांत त्या खांबानं या दोघांचे पुष्कळ निरोप पोचवले होते.

तिनं कवाडाकडं पाहिलं आणि खांबाला म्हणाली, "सांग गा खांबा भासऱ्यायले, मुंग्या होय त्या. माहा गूळ चाटून राहिल्या."

आणि हसली. ती हसली ते चाललं असतं, पण टिकारामही हसला. पोट धरून हसला. आठवडाभर भट्टीपुढं त्याला हसायला काही मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते हे.

हवालदार हसला नाही. त्यानं बोट पुढं केलं, चाचपत उतारावर टेकवलं. एक मुंगी चावली असावी; बोट त्यानं झटकलं आणि मग जिभेला लावलं.

"गोड हाय," तो एवढंच म्हणाला.

मग तो उठला. जाताना त्याचा खांदा खांबावर आदळला, तेव्हा टिकारामचं हसू थांबलं. त्या खांबाला वळसा घालून हवालदार कितीतरी वर्षं ये-जा करत होता.

पुढच्या सुट्टीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

हा खेळ मुळात साहेब लोकांचा. लढाईच्या काळात बिरसीला विमानांसाठी धावपट्टी झाली, तिथं एका टिनाच्या शेडमध्ये वाळूचं मोठं मेज होतं. गोरे अधिकारी त्यावर शिशाचे शिपाई मांडायचे, काठीनं मोजायचे, फासे टाकायचे आणि लुटुपुटीची लढाई खरोखरीची भांडणं करून लढायचे. वाळू भिजवून डोंगर उभे करायचं काम टिकारामचं. दारावर बंदूक घेऊन उभं राहायचं काम अधू पायाच्या केशोरावचं. एकाला मुलूख कसा बनतो ते कळलं, दुसऱ्याला हुकूम कसे सुटतात ते. साहेब गेले, शिपाई नेले, फासे नेले, मेजसुद्धा नेलं. धावपट्टीवर गुरं चरू लागली. मग एका दिवशी टिकारामनं गोठ्याचं कवाड काढलं, केशोरावनं आपल्या जुन्या कोटाच्या पितळी गुंड्या तोडून आणल्या आणि दोघांनी साहेबांवाचून लढाई सुरू केली. हवालदाराची पलटन गुंड्यांची, टिकारामची चिंचोक्यांची. तेव्हापासून हवालदार कोट दोरीनं बांधतो.

तर हवालदार येईना झाला. टिकारामनं एकट्यानं खेळून पाहिलं. एकदा या पोत्यावर बसायचं, एकदा त्या. पण दोन्ही बाजूंनी टिकारामच हरायचा. चिंचोके कुठं लपले आहेत ते गुंड्यांना ठाऊक आणि गुंड्या कुठं जाणार ते चिंचोक्यांना ठाऊक. अशा लढाईत दम नसतो. तो थोडा वेळ कवाडाकडं बघत बसायचा आणि बसल्या बसल्या पेंगायचा.

आठवडाभर तो दुसऱ्याच्या भट्टीत तूस लोटायचा. किती लोटायचं ते मालक सांगायचा, कधी थांबायचं ते भोंगा सांगायचा. शेतावर गेला तर पाणी कधी सोडायचं ते कालव्याचा चौकीदार सांगायचा. घरात रुख्मा होतीच. टिकारामनं काही ठरवावं आणि त्यापायी समोरच्या माणसाच्या कपाळाला आठी पडावी, अशी जगात एकच जागा होती. ती कवाडभर होती आणि तिच्या पलीकडल्या बाजूचं पोतं रिकामं पडलं होतं.

शेवटी तो हवालदाराकडं गेला. दारात सून शामकला धान पाखडत होती.

"काकाजी, आता आले तुमी?" ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "मामाजी वर्षापासून घरात ठेचकाळून राहिले. पायलीले लाथ, गायीले लाथ. विचारलं त म्हनते, घरात सामान लय झालं."

"डॉक्टरले दाखवलं?"

"गोंदियाले नेलं होतं. उशीर झाला म्हनते. एक डोरा गेलाच, दुसरा जाऊन राहिला. अन् हे काय म्हनते डॉक्टरले? तुयाच दवाखान्यात उजेड कमी हाय."

वर्षापासून. टिकाराम उंबऱ्यातच उभा राहिला. पोळ्याच्या सुमारास त्यानं हवालदाराचं गाव घेतलं होतं. हवालदारानं आपल्या गुंड्या सरळ चोरखमाऱ्याच्या पाण्यात घातल्या होत्या, आणि ती गंमत टिकारामनं मिलमध्ये जो भेटेल त्याला सांगितली होती. दिवाळीला डोंगर जिंकला. संक्रांतीला तोफा पकडल्या. वर्षभर तो मनात फेटा बांधून हिंडत होता, आणि लढत होता कुणाशी, तर नदी कुठं आहे ते न दिसणाऱ्या माणसाशी.

हवालदार खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"हवालदार, चाला ना. दोन सुट्ट्या खाली गेल्या."

"कायले येऊ?" भिंतीकडूनच उत्तर आलं. "मुंग्या मोजाले?"

"माही चुकी झाली. हासाले नोको होतं."

"हासनं आलं त हासाचं, त्यात काय. पन आता मी लढाई सोडली, टिका. जा तू. अंधारात गोळी झाडनारा शिपाई आपल्याच मान्सायले मारते."

टिकाराम परत आला. शिकलेला माणूस असता तर त्यानं घरी बसून विचार केला असता. टिकाराम भट्टीवर गेला.

उसना तांदूळ करताना धान आधी हौदात भिजतं, मग वाफेवर चढतं. झाकण काढलं की वाफेचा लोट असा उठतो की स्वतःचा हात दिसत नाही. त्यात तुसाचा धूर. टिकारामचे डोळे कायम लाल, कायम पाणावलेले. झाकण काढताना तो ते मिटूनच घ्यायचा. मग वाफेत हात घालून चिमूटभर धान काढायचा आणि दाणा अंगठ्याखाली दाबायचा. टरफल कसं फुटतं त्यावरून कळायचं, झालं की व्हायचंय. हे तो रोज करायचा, आणि रोज करायचा म्हणून त्याचं त्याला काहीच वाटत नसे. त्या दिवशी दाणा बोटांत धरून तो तसाच उभा राहिला, इतका वेळ की मागून कुणीतरी ओरडलं, "अरे टेंभरे, सो गया क्या?"

झोपला नव्हता. त्याच्या मनात एवढंच आलं होतं, की हवालदाराचे डोळे गेले, बोटं कुठं गेली?

मग कवाडावरचा सगळा मुलूख त्यानं खरवडून काढला.

हे लिहायला सोपं आहे. करायला पावसाळा संपला. मिलमधून आल्यावर जेवायच्या आधी जो थोडा उजेड उरायचा त्यात तो काम करायचा, आणि काम करता करता मान खाली पडायची. रुख्मा म्हणायची, "त्या डोंगरावर डोस्कं ठेवून झोपू नोका, नवा हाय." आधीचा मुलूख पाहण्याचा होता, त्यात नदी निळीनं रंगवलेली आणि जंगल हिरव्या रंगात बुडवलेला भुसा. बोटांना निळं आणि हिरवं सारखंच. आता प्रत्येक गोष्ट हाताला वेगळी लागायला हवी होती, आणि त्यासाठी दुकानातून आणण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते घरातच होतं आणि घर रुख्माचं होतं.

नदीसाठी रॉकेलच्या डब्याची पट्टी कापली, धार आत दुमडून ठोकली. सकाळी हात लावला की गार लागायची, पाण्यासारखी. धानाच्या बांध्यांचे बांध सुतळीचे. रस्ता म्हणजे खळीवर पसरलेली जाडी वाळू. काड्यापेट्यांची घरं बोटाखाली चेपायची म्हणून त्यांत माती भरली आणि छपरावर झाडणीच्या काड्या ओळीनं चिकटवल्या. बोट फिरवलं की कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, रांगा लागायच्या. मोर्च्यासमोरच्या वाळूच्या गोण्या तांदळाच्या कणीच्या. प्रत्येक गुंडीच्या आणि प्रत्येक चिंचोक्याच्या बुडाला लाखेनं बाभळीचा काटा बसवला, म्हणजे शिपाई जमिनीत रुतून उभा राहील आणि चाचपणाऱ्या हातानं कलंडणार नाही. जमीन त्यासाठी तूस आणि मातीची, थोडी भुसभुशीत.

जंगलाला वाळलेल्या दोडक्याची जाळी कापली. दोडका न्हाणीच्या खिळ्यावर टांगलेला होता.

"अन् आता मी पाठ कायनं घासू?" रुख्मानं विचारलं.

"भिंतीवर घास ना."

"म्हशीसारखी?"

टिकाराम दोडका कापत राहिला. बोललं की काहीतरी हातचं जातं, एवढं त्याला संसारात कळलेलं होतं. पण थोड्या वेळानं तीच एक पातेली घेऊन आली आणि कवाडाच्या कडेला आदळली. पेजेची खळ होती. त्यात कडुनिंबाचा पाला उकळलेला होता.

"हे लावा. मुंगी काय, घूस बी तोंड लावनार नाई," ती म्हणाली. "माया गुळाले आता हात नोका लावू."

राहिली काटेरी तार. पुलाच्या तोंडाशी हवालदाराची तारेची रांग होती, तिच्यावाचून पूल त्याच्या हाती राहत नव्हता. टिकारामनं आधी खरे काटे लावले आणि डोळे मिटून हात फिरवून पाहिला. बोटातून रक्त आलं. म्हातारा माणूस अख्खी लढाई बोटं चोखत करणार का? टोकदार हवं पण रुतणारं नको, जवळ जवळ हवं आणि एका उंचीचं हवं. सपरीत बसून तो इकडं तिकडं बघत राहिला, आणि कोनाड्यात त्याला जे हवं ते सगळं एकाच जागी दिसलं.

रुख्माची फणी शिंगाची होती. कामठ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, तिनं स्वतः निवडून घेतलेली, दाट दातांची, काळी, मधे पिवळसर पट्टा. टिकारामनं ती मधोमध कापली. अर्धी कोनाड्यात परत ठेवली. त्याच्या मते हा न्याय होता.

दुसऱ्या दिवशी रुख्मा ती अर्धी फणी हातात घेऊन सपरीत येऊन उभी राहिली. केस मोकळे, एका बाजूला विंचरलेले आणि दुसऱ्या बाजूला नाही.

"हे काय होय?"

"तार," टिकाराम म्हणाला.

"लढाई तुमची अन् टक्कल माहं?"

"नवी आनून देतो ना. येत्या बाजारी."

"येत्या म्हंजे?"

"येनाऱ्या."

रुख्मानं त्याच्याकडं पाहिलं. तिची नजर त्या तारेवर गेली, मग रिकाम्या पोत्यावर. ती केस बांधत आत गेली. टिकारामला शिव्या परवडल्या असत्या.

कवाड तर उचलून नेता येत नव्हतं. म्हणून त्यानं डोंगर आणि पूल असलेला तुकडा सुटा केला, सुपात ठेवला आणि सूप डोक्यावर घेऊन गावातून निघाला. लोकांनी पाहिलं. कचारगड डोक्यावर घेऊन जाणारा माणूस बिरसीत पहिलाच, पण तो टिकाराम होता म्हणून कुणी बैल थांबवला नाही.

हवालदार तसाच भिंतीकडं. टिकारामनं सूप खाटेवर ठेवलं.

"तुमच्या चार गुंड्या पुलावर अडकून पडल्या," तो म्हणाला. "माहे चिंचोके दोन्हीकडून येऊन राहिले. सोडून देऊ का त्यायले?"

"दे सोडून."

"बरं. मंग मारतो."

खाट करकरली. हवालदार वळला नाही, पण एक हात मागं आला, सुपाच्या कडेवरून आत उतरला. गार पट्टीवर थांबला.

"हे नदी?"

हात पुढं सरकला, वाळूच्या वाटेवर आला, वाटेनं पुलावर चढला. तिथं त्याला पहिली गुंडी सापडली. बोट तिच्या उठावदार नक्षीवरून फिरलं, मग दुसरीवर, मग तिसरीवर. हवालदार उठून बसला. दोन्ही हात आता डोंगरावर होते, उतारावर, तळाशी लपलेल्या चिंचोक्यांवर.

"उत्तरेकडून किती हाय तुहे?"

"ते कायले सांगू?"

"नोको सांगू. मोजले मी." त्यानं पूर्वेच्या उतारावर बोट घासलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. "कडू जहर."

"कडुनिंब हाय."

"गूळ नाई?"

"गूळ आता बंद."

मग हवालदारानं पायांनी खाटेखाली जोडे शोधले. "शामकला!" तो ओरडला. "माही काठी कुठं ठेवली?"

"तुमच्या हातात हाय," शामकला आतून म्हणाली.

पहिल्याच दिवशी हवालदारानं एक अट घातली. "तुहे डोरे उघडे अन् मले अंधार, हे लढाई नोहोय. बांध."

म्हणून टिकारामनं दुपट्टा डोळ्यांवर बांधला. दोन जाणती माणसं, एक आंधळा आणि एक बांधलेला, कवाडावर वाकून हातांनी चाचपत बसली. कवड्यासुद्धा बोटांनीच वाचायच्या आणि किती उताण्या ते ज्याचं त्यानं सांगायचं. वाटेनं जाणारे थांबून बघायचे आणि मान हलवून पुढं जायचे. हवालदार आता निराळाच लढू लागला. त्याची बोटं म्हातारी होती, पण त्यांना घाई नव्हती. त्यानं पूल सोडवला. टिकारामची एक तुकडी दोडक्याच्या जंगलात कोंडली. वर्षभराचं उट्टं तो गुपचूप काढत होता, आणि टिकारामला ते गुळाहून गोड लागत होतं.

दुपट्ट्याखाली अंधार होता. धूर नव्हता, वाफ नव्हती. जळजळणाऱ्या डोळ्यांना कितीतरी दिवसांनी कुणी मिटून बसायची परवानगी दिली होती. टिकारामची चाल होती. त्यानं हात बांधीच्या सुतळीवर ठेवला आणि हात तिथंच राहिला.

मग कुठूनतरी लांबून हवालदाराचा आवाज आला. "टिका? तुही चाल." थोडं थांबून, "टिका?" आणि मग हळू, "झोपला का बे?"

टिकारामला हो म्हणायचं होतं, पण तोंड उघडेना. पावलं वाजली. रुख्मा बाहेर आली असावी.

"खांबा," तिचा आवाज आला, "भासऱ्यायले सांग, उठवू नोका. काल दोन पाळ्या करून आले."

"मी कायले उठवतो," हवालदार म्हणाला; तोही आता खांबाशीच बोलत होता. "लढाई पळून जात नाई. मी बसतो." पोतं खसपसलं. त्याची बोटं कवाडावर फिरत असल्याचा बारीक आवाज येत राहिला, वाळूवरून, काड्यांवरून. मग तो थांबला. टर्रकन एक आवाज झाला, कुणीतरी फणीच्या दातांवरून नख फिरवावं तसा.

"खांबा, हे तार कायची होय?"

खांब गप्प.

"फणी होय हे. शिंगाची. कोनाची?"

"ज्याची होती ते अर्ध्या डोस्क्यानं हिंडून राहिली," खांबाच्या अलीकडून उत्तर आलं. "येत्या बाजारी आनतो म्हनत होते. किती बाजार झाले, खांबा, तूच सांग. मी लढाईले नाई म्हनत नाई. पन तिचा खर्च माया केसायवर काऊन?"

झोपेच्या काठावर बसून टिकाराम ऐकत होता, आणि दुपट्टा सोडावा असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

"बरोबर हाय," हवालदार म्हणाला. आवाज आता दारावरच्या जुन्या पहारेकऱ्याचा होता. "खांबा, ऐक हुकूम. जो हरंल तो फणी आनंल. नवी, शिंगाची, पुऱ्या दातांची. लढाई सरली का फणी घरात."

"लवकर सरवा म्हना," रुख्मा म्हणाली आणि आत गेली.

लवकर सरली असतीही. हवालदार पुढं होता. टिकारामचं जंगल गेलं, तलाव गेला, डोंगराचं नुसतं शेंडीएवढं टोक उरलं. दिवाळी उलटून धान कापणीला आलं, तेव्हा एका सुट्टीला शेवटचीच चाल बाकी होती. हवालदारानं कवड्या फेकल्या, त्यांच्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "छ्या! एकच. माघार घेतो. गुंड्या पुलापलीकडं."

टिकारामनं दुपट्ट्याखाली भुवया उचलल्या. माघार? मग त्यानं आपल्या कवड्या फेकल्या. बोटांना लागल्या त्या जवळजवळ सगळ्या उताण्या होत्या. पूल त्याच्या हातात आला होता.

"माह्या बी दोनच," तो म्हणाला. "मी जागच्या जागी."

"मंग ऱ्हाऊ दे. पुढच्या सुट्टीले पाहू."

"पाहू ना. घाई कायची हाय?"

दारात रुख्मा उभी होती. सगळ्या सपरीत उघडे डोळे तिचे एकटीचे. कवाडावर पसरलेल्या कवड्या तिला लख्ख दिसत होत्या, हवालदाराच्याही आणि नवऱ्याच्याही. तिनं खांबाला हात टेकला.

"पाह्य गा खांबा," ती म्हणाली. "दोघं बी लबाड. एक जिकत नाई अन् एक हरत नाई. माया डोस्क्यात उवा झाल्यावर तह करतीन."

हवालदार मिशीत हसला. टिकारामनं दुपट्टा सोडला नाही.

त्यानंतरच्या बाजारी तो मिलमधून सुटून गोंदियाच्या बाजारात गेला. खांदे ठणकत होते. फण्यांच्या पथाऱ्या ओळीनं लागल्या होत्या. तो एकीपुढं बसला, एक काळी फणी उचलली, मधे पिवळसर पट्टा होता. डोळे मिटून त्यानं दातांवरून अंगठा फिरवला. टर्रकन वाजली.

"लेना है क्या, भैया?" पथारीवाल्यानं विचारलं.

घेण्यासारखीच होती. पण फणी घेऊन घरी गेला, की लढाई हरलेला टिकारामच. मग हवालदार कवाडावरून हात उचलणार, काठी शोधणार, आणि समोरचं पोतं पुन्हा रिकामं. दुसरं कवाड, दुसरा डोंगर, हे सगळं पुन्हा उभं करायचं बळ आता त्याच्या अंगात नव्हतं.

त्यानं फणी जिथली तिथं ठेवली. "येत्या बाजारी," तो पथारीवाल्याला म्हणाला, आणि सायकलवर चढायचा कंटाळा आला म्हणून ती हातात धरून चालत बिरसीच्या वाटेला लागला.